नातवाच्या बाहुलीतली खाच

प्रश्न : आमच्या तीन आठवड्यांच्या नातवाच्या डाव्या डोळ्याची बाहुली गोल नाही, खाली कुलपाच्या भोकासारखी ओघळलेली आहे. डॉक्टर ‘कोलोबोमा’ म्हणाले. घरातले म्हणतात, सून ग्रहणात बाहेर गेली होती. गर्भात डोळा घडताना पेशी मरतात असं वाचलं. नातवाच्या जास्त मेल्या का?
— एक आजी, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : आजी, ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही आणि सूनबाईंची काही चूक नाही. हे घरात सगळ्यांदेखत सांगा.

गर्भाचा डोळा आधी पेल्यासारखा असतो. त्याच्या तळाला, नाकाकडच्या अंगाला एक फट असते; तिच्यातून रक्तवाहिनी आत शिरते. दोन्ही काठ वाढून एकमेकांना भिडतात आणि साधारण सातव्या आठवड्यापर्यंत फट मिटते. काठांची वाढ कमी पडली, किंवा भिडूनही ते एकजीव झाले नाहीत, तर खाच राहते; तिलाच कोलोबोमा म्हणतात. तेव्हा इथे अडलं ते जुळणं.

पेशींचं मरण तर निरोगी डोळ्यालाही हवंच. तुमच्याकडे द्राक्षाच्या घडाची विरळणी करतात, तसंच. सोळाव्या-सतराव्या आठवड्यात डोळ्याच्या मुख्य नसेत सुमारे ३७ लाख तंतू असतात (एका पेशीचा एक), एकोणतिसाव्यापर्यंत ११ लाखच उरतात. फक्त इथे कात्री लावणारं कुणी नसतं. मेंदूशी ज्यांचा जोड जमतो त्या पेशींना तिकडून जगवणारी द्रव्यं मिळतात, बाकीच्या आपणच विरतात. गर्भात भिंगाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही अशाच जिरतात. त्या राहिल्या तर बाहुलीमागे पांढरट दिसतं आणि नजर अडते.

आता करायचं ते. बाहुली मोठी करणारे थेंब घालून दोन्ही डोळ्यांचे पडदे तपासून घ्या, चांगल्या दिसणाऱ्या उजव्याचाही. खाच बाहुलीपुरतीच असेल तर नजर बहुधा चांगली राहते, फार तर उन्हाचा त्रास होतो; टोपी घाला. ती पडद्यात, नसेपर्यंत गेली असेल तर नजर कमी असू शकते, आणि पुढे पडदा सुटण्याचा धोका राहतो. बाळाला ते सांगता येत नाही, म्हणून ठरलेली तपासणी चुकवू नका. डोळा आळशी पडू नये यासाठी चष्मा किंवा पट्टी लागली तर ती लहानपणीच लावावी लागते. बालरोगतज्ज्ञांकडून हृदय, कान आणि मूत्रपिंडंही पाहून घ्या, कारण काही बाळांत हे दोष जोडीने येतात.