चुना, पिंपळ आणि कोसळता पाऊस : जुन्या दगडी वास्तूंविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावचं शिवमंदिर जांभ्या दगडाचं, चुन्यात बांधलेलं आहे. सभामंडप पूर्वी गळत नव्हता, गेली चार वर्षं गळतो. वरून सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफिंगचा रंग द्यावा, असं देवस्थान समितीचं मत आहे. द्यावा का?
— एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : देऊ नका. आधी पाण्याचा हिशेब मांडा. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. मंडप १० बाय १० मीटरचा असेल आणि तासात १०० मिलिमीटर कोसळला, तर त्या एका तासात १०,००० लिटर पाणी खाली उतरायला हवं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. असा मारा जुन्या पन्हळींना पेलत नाही, त्यात त्या पालापाचोळ्याने तुंबलेल्या असतात. मग पाणी छतावर साचतं आणि दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, आत उतरतं. १०० मिलिमीटर व्यासाचा एक नळ एवढ्या जोराच्या पावसात साधारण ४० चौरस मीटर छताचं पाणी नेतो, म्हणजे तुम्हाला किमान तीन लागतील. ते दगडात भोकं न पाडता कडेने बाहेर काढा आणि पाणी जोत्यापासून निदान १ मीटर लांब पडू द्या. निम्मी गळती इथेच थांबण्याची शक्यता आहे.

आता सिमेंट का नको ते. जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. सिमेंटच्या थराला केसासारख्या भेगा पडतात, पाणी तिथून आत शिरतं, पण बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते दगडातूनच वाळतं, त्यातले क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. गिलावा धडधाकट दिसतो, मागचा दगड मात्र पिठूळ झालेला असतो. वॉटरप्रूफिंगचा रंगही हेच करतो.

दरजा चुन्यानेच भरा. कळीचा, म्हणजे भट्टीतून आलेला न विझवलेला, चुना पाण्यात टाकून विझवा. चुन्यावर पाणी ओतू नका, तो उसळून डोळे जातात. चष्मा आणि हातमोजे हवेतच. विझलेला चुना पाण्याखाली किमान तीन आठवडे मुरू द्या आणि गाळून घ्या. १ घमेलं चुना, १ घमेलं सुरखी (विटांची भुकटी), २ घमेली धुतलेली नदीची वाळू हे सुरुवातीचं माप. समुद्राची वाळू वापरली तर मीठ आपणच भिंतीत भरतो. सुरखीसाठी जुन्या, मंद आचेवर भाजलेल्या विटा घ्या. भट्टीत काळ्या पडलेल्या, काचेसारख्या झालेल्या विटांची सुरखी चुन्याशी बांधत नाही. आधी कोपऱ्यात हातभर नमुना करून पाहा. गूळ, हिरडा, बेलफळ यांच्या पाण्याची चर्चा फार होते, पण चुना न मुरवता त्यात कितीही काढे ओतले तरी उपयोग नाही.

जुनी सैल भर दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल, निदान २५ मिलिमीटर, हाताच्या छिन्नीने काढा. पूर्वी कुणी भरलेलं सिमेंट दगडाला इतकं चिकटलं असेल की काढताना दगड फुटेल, तर ते राहू द्या. दरज ओली करा, पण पाणी साचू देऊ नका. एकेक सेंटिमीटरचे थर दाबून भरा आणि दगडाच्या कडेपासून किंचित आत थांबा. वर ओली गोणपाटं १० ते १४ दिवस. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, म्हणून काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आटपा. अवकाळी पाऊस आता मार्चातही गाठतो. ताज्या दरजेवर तो पडला तर चुना वाहून जातो, ताडपत्री हाताशीच ठेवा.

प्रश्न : गडाच्या बुरुजात पिंपळ उगवलाय. आमचा गट श्रमदानात तो उपटणार आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : मनगटाएवढं खोड असेल तर हात लावू नका. मुळं दगडांच्या सांध्यांत भरलेली असतात. झाड ओढलं की चिरा सोबत येतो आणि पुढच्या पावसाचं पाणी थेट गाभ्यात जातं. हातभर रोपटं पहिल्या पावसानंतर, सांधे ओले असताना, मुळासकट निघतं. मोठ्या झाडाचं खोड १५ ते २० सेंटिमीटर ठेवून कापतात, ताज्या कापावर वरून भोकं पाडून त्यात लगेच तणनाशक भरतात आणि प्लास्टिकने झाकतात. ग्लायफोसेट २०२२ पासून फक्त परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच वापरता येतं. मुळं मेली तरी ओढायची नाहीत. कुजून पोकळी झाली की ती पातळ चुन्याने भरतात. नुसतं वर छाटलं तर दुप्पट फांद्या फुटतात, हे पिंपळाला तोडणाऱ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

गड संरक्षित असेल तर यातलं काहीही लेखी परवानगीशिवाय करू नका. केंद्राच्या यादीत असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याच्या यादीत असल्यास राज्य पुरातत्त्व संचालनालय. केंद्रीय स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण असतं.

प्रश्न : मुरुडजवळच्या समुद्रातल्या पद्मदुर्गावर दगड झिजलेत आणि मधला चुना मात्र चौकटीसारखा उभा आहे. हा चमत्कार कसा?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : लाटेचं खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण सुटतात. वर लाटांचा आणि वाऱ्यासोबतच्या वाळूचा मार. तिथला चुना उत्तम मळलेला, दगडाहून चिवट निघाला. समुद्र चढला आणि वादळं वाढली की हीच झीज वर सरकते. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांनाही समुद्राचा हाच त्रास. भेट देणाऱ्याने एक काम जरूर करावं : पावसाळ्याआधी आणि नंतर, त्याच जागेवरून, मोजपट्टी शेजारी धरून तटाच्या पायथ्याचा फोटो. पायथा पोखरला तर वरचा तट बघता बघता बसतो.

प्रश्न : आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कातळात कोरलेली जुनी चित्रं, कातळशिल्पं, आहेत. पाणी साचून शेवाळ धरतं. तारेच्या ब्रशने घासू का?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : मुळीच नको. खोदकाम उथळ आहे, ब्रशबरोबर रेषही जाते. फोटोसाठी खडू किंवा रांगोळी भरणंही थांबवा. वरच्या अंगाला चार-पाच मीटरवर मातीचा हलका बांध घालून पाणी वळवा, कातळ मात्र खोदू नका. दिवाळीनंतर भोवतालचं सुकं गवत कापून न्या. वणव्याच्या झळीने जांभा तडकतो. गाडी शिल्पावरून जाणार नाही असे दगड लावा आणि रत्नागिरीच्या पुरातत्त्व कार्यालयाला जागा कळवा. फोटो सकाळी आठच्या आत घ्या, तिरप्या उन्हात पुसट रेषाही दिसतात.