वाचक विचारतात: जुळी कालवड, खेचराचं शिंगरू आणि अंतराळातली अंडी

प्रश्न: आमच्या देवणी गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड. दोन्ही तीन आठवड्यांची आहेत आणि ठणठणीत आहेत. शेजारचे म्हणतात, अशी कालवड कधीच गाभण राहत नाही, विकून मोकळे व्हा. खरं आहे का? (एक वाचक, उदगीर)

उत्तर: बहुतेक वेळा खरं आहे. गोऱ्ह्यासोबत जन्मलेल्या शंभर कालवडींत नव्वदहून अधिक वांझ निघतात. तरीही आधी तपासणी करून घ्या. उरलेल्या कालवडी पुढे चांगल्या गाई होतात, आणि देवणीची कालवड अशी अंदाजावर घालवू नये.

गाईच्या पोटात जुळं असलं की साधारण चाळिसाव्या दिवसापर्यंत दोन्ही गर्भांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. गोऱ्ह्याचे वृषण लवकर तयार होतात. त्यातून सुटणारं एक संप्रेरक त्याच्या स्वतःच्या शरीरात गर्भाशय होऊ देत नाही. रक्त एकच झाल्यामुळे ते बहिणीपर्यंतही पोचतं. मग तिचं गर्भाशय दोरीसारखं राहतं किंवा होतच नाही, बीजांडकोशही खुरटतात. अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. जॉन हंटर या शल्यविशारदाने 1779 मध्ये अशी जनावरं चिरून पाहून त्यांचं वर्णन केलं होतं. संप्रेरकाचं कारण मात्र विसाव्या शतकात कळलं.

तुमच्या कालवडीचं वय तपासणीला अगदी योग्य आहे. पशुवैद्यक बोटाएवढी जाड, टोकाला गोल अशी गुळगुळीत नळी वंगण लावून निरणातून (योनीच्या तोंडातून) हळूच आत सरकवतात. चांगल्या कालवडीत ती 12 ते 15 सेंटिमीटर जाते, फ्रीमार्टिनमध्ये 5 ते 8 सेंटिमीटरवरच अडते. चूक होते ती नळीच्या कोनात. लघवीच्या वाटेजवळच्या खाचेत टोक अडकलं तर चांगली कालवडही वांझ ठरते, आणि जोर केला तर आत जखम होते. म्हणून हे घरी करू नका. निकाल मधलाच आला तर रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. मादीच्या रक्तात नराचं वाय गुणसूत्र सापडलं की शंकाच उरत नाही. निरण लहान असणं आणि त्याच्या खालच्या टोकाला लांब केसांचा झुपका असणं ही बाहेरची खूण आहे, पण ती प्रत्येकीत दिसत नाही.

कालवड वांझ ठरली तर घेणाऱ्याला तसं स्पष्ट सांगूनच द्या. दोन वर्षं चारा घालून माजाची वाट पाहणाऱ्या माणसाचं नुकसान फार मोठं असतं. जोडीचा गोऱ्हा कामाला उत्तम, पण वळू म्हणून ठेवायचा असेल तर वीर्य तपासूनच ठेवा. जुळ्यात दोन्ही कालवडी असत्या तर ही अडचण आलीच नसती.

प्रश्न: उस्मानाबादी शेळीला तर दर वेताला जुळी होतात. मग पाटी (मादी पिल्लं) वांझ का निघत नाहीत? (एक वाचक, कळंब)

उत्तर: शेळीच्या जुळ्यांत दोन्ही गर्भांच्या रक्तवाहिन्या सहसा जोडल्या जात नाहीत. क्वचित जोडल्या गेल्या तर तिथेही पाट वांझ निघते.

प्रश्न: माळेगावच्या यात्रेतून घोडी आणली. तिला गाढवाकडून भरवून खेचर घ्यायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी? आणि खेचराला पिल्लू का होत नाही? (एक वाचक, लोहा)

उत्तर: दुसरा प्रश्न आधी घेऊ. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62. आईकडून 32 आणि बापाकडून 31 येतात, म्हणजे खेचराची 63 होतात. शरीर वाढायला, ओझं वाहायला यात काहीच कमी पडत नाही. पण बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार सापडावा लागतो, आणि इथे जोड्याच नीट लागत नाहीत. मादी खेचर माजावर येऊ शकते, फार क्वचित व्यालेलीही आहे. 2002 मध्ये मोरोक्कोत अशी घटना घडली. नर मात्र वांझच. 2003 मध्ये अमेरिकेत आयडाहो विद्यापीठात क्लोनिंगने खेचर जन्माला घातलं. खेचराची हुबेहूब प्रत काढायची तर एवढा खटाटोप करावा लागतो.

आता काळजीचं. घोडीचे दिवस साधारण 11 महिन्यांचे, खेचराच्या वेळी थोडे वर जाऊ शकतात, त्यामुळे घाई करू नका. खरा धोका व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत असतो, आणि नेमका तोच बहुतेकांना माहीत नसतो. गाढवाच्या तांबड्या रक्तपेशींवर एक खूण असते, ती कोणत्याच घोडीत नसते. पहिल्या बाळंतपणात शिंगराचं रक्त घोडीच्या रक्तात मिसळलं तर तिचं शरीर त्या खुणेविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पुढच्या वेताला ती चिकात उतरतात. शिंगरू जन्मतः धडधाकट असतं, पोटभर चीक पितं, आणि एकदोन दिवसांत मलूल होतं. हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी लालसर गडद होते, धाप लागते. चिकातली प्रतिपिंडं त्याच्याच रक्तपेशी फोडत असतात. लोक याला साधी कावीळ समजतात आणि आईचं दूध पाजतच राहतात.

म्हणून घोडी विकत घेताना ती आधी खेचराला व्याली होती का, हे नक्की विचारा. व्याली असेल तर शिंगरू पडताच त्याला मुसकं बांधा आणि 36 ते 48 तास आईला पिऊ देऊ नका. या काळात खेचराला कधीच न व्यालेल्या दुसऱ्या घोडीचा चीक बाटलीने पाजा, आणि तोही पहिल्या काही तासांत, कारण उशीर झाला की चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जात नाहीत. घोडीची कास दर दोनतीन तासांनी पिळून ते दूध फेकून द्या. दोन दिवसांनी शिंगराच्या आतड्यातून ही प्रतिपिंडं आत जायची थांबतात, मग खुशाल आईला पिऊ द्या. हिरड्या पिवळ्या दिसल्याच तर रात्र काढू नका, रक्त चढवायची वेळ येऊ शकते.

प्रश्न: शेळ्यांच्या कळपात मेंढा फिरतो. त्याच्यापासून शेळी गाभण राहते का? (एक वाचक, भूम)

उत्तर: राहते, पण टिकत नाही. शेळीची गुणसूत्रं 60, मेंढीची 54. गर्भ धरतो आणि बहुधा दीडदोन महिन्यांत मरतो. जिवंत पिल्लू जन्मल्याच्या नोंदी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. तुमचं नुकसान वेळेचं होतं: शेळी गाभण समजून तुम्ही निवांत राहता आणि ती दोन महिन्यांनी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. माजाच्या दिवसांत मेंढा वेगळा बांधा.

प्रश्न: कुंडीतली माती उकरताना गांडुळासारखा, पण चकचकीत काळा प्राणी निघाला. हा साप आहे का? (एक वाचक, परभणी)

उत्तर: हो, सापच आहे, तो वाळा. वीतभरसुद्धा लांब नसतो, बिनविषारी आहे, मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो. गांडुळाच्या अंगावर वळी असतात, याच्या अंगावर बारीक खवले असतात. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके दिसतात आणि जीभ बाहेर येते. त्याला मारू नका, मातीत सोडून द्या.

या जातीत नर आजवर सापडलेला नाही. सगळ्या माद्याच आहेत, आणि त्या नराविना अंडी घालतात. त्यांच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. विषम संख्येमुळे खेचराचा वंश थांबतो. वाळ्याची मादी मात्र नराचा वाटा न घेताच स्वतःची जवळपास हुबेहूब प्रत काढते. म्हणूनच कुंडीच्या मातीतून एकच वाळा दूरदेशी गेला तरी तिथे वंश सुरू होतो.

प्रश्न: अंतराळात कोंबडीची अंडी उबवता येतील का? (इयत्ता नववीतली वाचक, अंबाजोगाई)

उत्तर: हा प्रयोग झालेला आहे. मार्च 1989 मध्ये डिस्कव्हरी यानातून 32 फलित अंडी पाठवली: 16 दोन दिवस उबवलेली, 16 नऊ दिवस उबवलेली. दोन दिवसांची सगळी मेली. नऊ दिवसांच्या अंड्यांतली पिल्लं जगली, आणि परत आल्यावर काही अंडी फुटून ती बाहेरही आली.

खुडूक कोंबडीखाली किंवा यंत्रात 37.5 अंशांवर ठेवलेल्या अंड्यात बलक पांढऱ्यापेक्षा हलका असतो, म्हणून तो वर तरंगतो. त्यावर बसलेला गर्भ कवचाच्या जवळ पोचतो आणि तिथल्या पापुद्र्यावर रक्तवाहिन्या पसरून हवा घेऊ लागतो. (तो तिथेच चिकटून बसू नये म्हणूनच अठराव्या दिवसापर्यंत अंडी रोज फिरवावी लागतात.) अंतराळात वर-खाली असं काही उरत नाही. बलक मधोमध राहतो आणि कोवळा गर्भ कवचापर्यंत पोचतच नाही. नऊ दिवसांच्या गर्भाने ही जोडणी जमिनीवरच करून घेतली होती.

माशांना ही अडचण आली नाही. 1994 मध्ये कोलंबिया यानात मेडाका जातीच्या चार माशांनी तिथेच मीलन केलं, अंडी घातली, आणि त्यांतली 8 पिल्लं कक्षेत असतानाच बाहेर आली.