द्राक्षावरचा केवडा (डाऊनी) ही बुरशी आहे का? मग भुरीचं (पानावर पांढरी भुकटी पसरवणाऱ्या रोगाचं) औषध त्यावर का चालत नाही?

नाही, केवडा ही खरी बुरशी नाही. तो ऊमायसीट गटातला प्रोटिस्ट आहे आणि त्याचं जवळचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी व डायटम या एकपेशीय शैवालांशी लागतं. पानाच्या वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी कापसासारखी वाढ पाहून कुणीही बुरशीच म्हणेल, पण साम्य तेवढंच. बुरशीची पेशीभित्ती (पेशीचं बाहेरचं आवरण) कायटिनची असते, केवड्याची मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकनची. याचे बीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात चक्क पोहतात आणि पर्णरंध्रातून आत शिरतात. म्हणून तर पान ओलं राहिलं की केवडा भडकतो. भुरी मात्र खरी बुरशी. हेक्साकोनॅझोलसारखी औषधं बुरशीतलं अर्गोस्टेरॉल (तिच्या पेशीपटलाचा आवश्यक घटक) तयार होणं रोखतात. केवडा ते बनवतच नाही, मग औषध अडवणार काय? उलट मेटॅलॅक्झिल केवड्यावर चालतं, भुरीवर नाही. मँकोझेब किंवा बोर्डो मिश्रण यांसारखी स्पर्शजन्य औषधं पेशीतल्या एकाच क्रियेवर घाव घालत नाहीत, त्यामुळे त्यांना हा नात्यागोत्याचा फरक फारसा आड येत नाही.

एक मात्र आहे: 'प्रोटिस्ट' हे काही एक घराणं नव्हे. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने 1866 मध्ये 'प्रोटिस्टा' हे वेगळं राज्य मांडलं. आज तो शब्द प्राणी, वनस्पती, बुरशी यांत न बसणाऱ्या दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेल्या) जीवांसाठी सोयीपुरता वापरतात. आणि केवड्याच्या औषधाच्या डब्यावरही 'बुरशीनाशक' लिहिलेलं दिसलं तर बिचकू नका, व्यवहारात तेच नाव रुळलंय.