एपिफनीवर तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवताना

तुमचा प्रश्न मला असा समजला: पॅरालेला या छोट्या संगणक-बोर्डवरच्या १६ कोअरच्या एपिफनी चिपवर प्रोग्रॅम पहिल्यांदा बरोबर उत्तर देतो. पुन्हा ई-लोड (प्रोग्रॅम कोअरवर चढवणं) न करता नुसतं ई-स्टार्ट (तो सुरू करणं) दिलं की कधी जुनंच उत्तर क्षणात परत येतं, तर कधी सगळं अडकून बसतं. बोर्ड बंद करून चालू केला की परत सुरळीत. ही लक्षणं पाहता चिपवर संशय घेण्याची गरज नाही.

ई-लोड तुमचा प्रोग्रॅम कोअरच्या स्वतःच्या ३२ केबी मेमरीत उतरवतो. ई-स्टार्ट कोअरला फक्त सिंक इंटरप्ट ('सुरू हो' असा इशारा) देतो आणि कोअर शून्य पत्त्यापासून धावायला लागतो. त्यामुळे ज्या ग्लोबल व्हेरिएबलला तुम्ही कोडमध्ये १० दिले आहेत, त्यात दुसऱ्या फेरीला १० असतीलच असं नाही. ती किंमत लोड होताना मेमरीत येते; पहिल्या फेरीने ती बदलली असेल तर बदललेलीच राहते. लिनक्सवर दर वेळी कोरी प्रोसेस मिळते, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. बदलणाऱ्या प्रत्येक ग्लोबलला मेनच्या पहिल्या ओळींत हाताने किंमत द्या.

जुनं उत्तर येण्यामागे बहुतेक वेळा 'झालं'चा फ्लॅग (काम संपलं की १ होणारी खूण) असतो. मागच्या फेरीचा १ तिथे तसाच असतो, होस्ट (बोर्डवरचा लिनक्स चालवणारा मुख्य प्रोसेसर) तो वाचतो आणि काम संपलं असं समजून जुना निकाल उचलतो. हा प्रकार अडकण्यापेक्षा वाईट, कारण चूक दिसतच नाही. म्हणून ०-१ चा फ्लॅग सोडा आणि फेरीचा क्रमांक वापरा. होस्टने आधी इनपुट लिहावं, मग क्रमांक. कोअरने निकाल लिहून झाल्यावर तोच क्रमांक परत लिहावा. क्रमांक जुळल्याशिवाय होस्टने निकालाला हात लावू नये. सोळाही कोअरचे क्रमांक स्वतंत्र तपासा. हे क्रमांक प्रोग्रॅम आणि स्टॅक या दोहोंपासून दूर, ठरलेल्या पत्त्यावर ठेवा (हेक्स ६००० बहुधा चालतं, पण लिंकरचा मॅप, म्हणजे कोणता भाग कोणत्या पत्त्यावर बसला ती यादी, बघून घ्या), आणि पहिल्या ई-स्टार्टआधी होस्टकडून शून्य करा.

इथे एक बारकावा आहे. एका कोअरने एकाच ठिकाणी केलेली लेखनं क्रमाने पोचतात, वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्यांची तशी हमी नाही. निकाल चिपबाहेरच्या सामायिक मेमरीत (डीरॅममध्ये) आणि क्रमांक कोअरच्या मेमरीत ठेवलात, तर क्रमांक आधी दिसून निकाल अजून वाटेतच असू शकतो. दोन्ही एकाच मेमरीत ठेवा.

मुळात दर फेरीला ई-स्टार्ट हवाच कशाला? मी तर कोअरला एकदाच सुरू करून लूपमध्ये ठेवतो. तो आपल्याच मेमरीतला क्रमांक बघत राहतो, नवा दिसला की काम करतो, परत वाट बघतो. व्हेरिएबल व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाचायचं, असं जाहीर केलेलं) हवं, नाहीतर कंपायलर ते रजिस्टरमध्ये ठेवेल आणि लूप कधीच सुटणार नाही. वाट बघताना थोडी वीज जाते, पण लोडचा वेळ पूर्ण वाचतो.

आता अडकण्याबद्दल. होस्टचा प्रोग्रॅम कंट्रोल-सीने मारला तरी कोअर थांबत नाहीत. ते धावतच राहतात, डीरॅममध्ये लिहीतही राहतात. त्यांच्या हातात म्यूटेक्स (एका वेळी एकाच कोअरला पुढे जाऊ देणारं कुलूप) असेल तर तो बंदच राहतो आणि पुढच्या फेरीतले कोअर त्याच्यापाशी खोळंबतात. तेव्हा होस्टची नवी प्रोसेस सुरू झाली की आधी रीसेट, मग नव्याने लोड, मग म्यूटेक्स आणि बॅरियर (सगळे कोअर पोचेपर्यंत थांबवणारा अडसर) यांचं इनिशियलायझेशन, आणि शेवटी स्टार्ट. रीसेटने मेमरी पुसली जाईल असं मात्र गृहीत धरू नका. रीसेट आणि लोड यांच्यामध्ये होस्टकडून शून्यं लिहून घ्या. सगळे कोअर मिळून ५१२ केबीच होतात.

हे केल्यावर तपासताना दर फेरीला इनपुट बदला. तेच इनपुट दिलंत तर जुना निकाल आणि नवा निकाल सारखेच दिसतील.