जादा गोळीचं कारण लिहून ठेव

पुणे

प्रिय डॉक्टर,

तुझे केसपेपर वाचले. हिस्टरी फार मनापासून घेतेस. औषधांच्या पानावर मात्र थांबले. जवळजवळ प्रत्येकाला दोन अँटिसायकोटिक (भ्रम-भास आवरणारी औषधं) आणि वर ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे त्या औषधांनी येणारा कंप आणि ताठरपणा कमी करणारी गोळी.

हे कसं होतं ते ठाऊक आहे. मध्यरात्री पोलीस कुणाला तरी घेऊन येतात, तो कुणाला आवरत नाही. तू हॅलोपेरिडॉल हे अँटिसायकोटिक आणि गुंगी आणणारं प्रोमेथाझिन यांचं इंजेक्शन देतेस, ते योग्यच. वेल्लोरच्या चाचण्यांनी या जोडीला आपल्याच रुग्णांमध्ये आधार दिला आहे. पण सकाळी रिस्पेरिडॉन हे दुसरं अँटिसायकोटिक सुरू होतं, हॅलोपेरिडॉलची गोळीही चालू राहते, आणि राऊंडला ती काढायचं कुणी बोलत नाही. डिस्चार्ज कार्डावर दोन्ही जातात. मग जुन्नर-भोरकडचा डॉक्टर पुण्याच्या कार्डात हात घालायला धजत नाही, आणि माणूस वर्षानुवर्षं ताठरलेल्या अंगाने शेतात जातो.

म्हणून दुसरं औषध लिहिताना कारण लिही आणि फेरविचाराची तारीख घाल. औषध बदलताना काही दिवस दोन्ही चालणारच, पण तो बदल अर्ध्यावर अडकू देऊ नकोस. ट्रायहेक्सिफेनिडिल हात कापू लागले तर दे. पुढे कधी कापतील म्हणून सरसकट नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी हे १९९० मध्येच सांगितलं आहे. या गोळीने स्मरणशक्ती मंदावते, शौचाला होत नाही, म्हाताऱ्यांना लघवी अडते.

एकामागून एक दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी सहा आठवडे देऊनही स्किझोफ्रेनिया हटत नसेल, तर तिसरी-चौथी गोळी जोडत बसू नकोस. क्लोझापिनचा विचार कर. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी ३० टक्के रुग्ण क्लोझापिनवर सुधारले, क्लोरप्रोमाझिन या जुन्या अँटिसायकोटिकवर फक्त ४ टक्के. पांढऱ्या पेशी घटण्याची भीती खरी आहे, म्हणूनच सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं.

आणि बिडीचं विचारत जा, अगदी प्रत्येकाला. धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि ओलॅन्झापिन ही दोन अँटिसायकोटिक लवकर संपवतं. वॉर्डात बिडी बंद झाली की रक्तातली पातळी चढते, रुग्ण झोपाळतो, क्लोझापिनवर फिटही येऊ शकते. घरी जाऊन पुन्हा ओढू लागला की पातळी उतरते, आवाज परत ऐकू येतात, आणि ओपीडीत आपण आणखी एक औषध वाढवतो! तंबाखू मळून खाणाऱ्याला हे होत नाही, कारण हे काम निकोटिनचं नसून धुराचं आहे. तेव्हा नुसतं 'तंबाखू: हो' लिहून भागत नाही.

सोमवारच्या राऊंडला पाच नंबरच्या आजोबांचं हॅलोपेरिडॉल कमी करायला घेऊ. किती आणि किती दिवसांत, ते तू ठरवून आण. मग दोघी मिळून त्यांच्या मुलाशी बोलू.

तुझी,
मॅडम