आजोबांची फियाट, बाबा आणि मी

प्रश्न: आजोबांची 1972ची फियाट 12 वर्षं शेडमध्ये उभीये, मी नि बाबा घरीच चालू करतोय. बाबा म्हणतात नवी बॅटरी टाक नि सेल्फ मार. मारू का?

उत्तर: अहो नको! बाबांना जरा चहा द्या, बसवा. आधी इंजिनचे चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस ठेवा नि मग हँडलने हाताने हळूच इंजिन फिरवून बघा, जाम पिस्टनवर सेल्फ मारला तर पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात. टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढा, वार्निशसारखा वास येईल. आणि ब्रेक! व्हील सिलिंडरची (चाकाजवळ ब्रेक दाबणारा छोटा पंप) रबरं कडक झालेली असणार, ती नि मास्टर सिलिंडरचं (पेडलने दाबला जाणारा मुख्य ब्रेक पंप) रबरांचं किट बदलल्याशिवाय गाडी गेटबाहेर नको. रंगाचं शेवटी बघू. व्हिंटेज (म्हणजे खूप जुन्या गाड्यांची खास) नोंदणी केलीत तर नंबरात ‘व्हीए’ येईल, पण रोज ऑफिसला नेता येणार नाही हं.