स्वस्तातल्या उपकरणांवर रिपीटरचा डुप्लेक्सर ट्यून होतो का?

तुमचा प्रश्न असा: वर्ध्याजवळच्या गावात हॅम रिपीटर (हौशी रेडिओवाल्यांचा सिग्नल ऐकून तोच पुन्हा जोरात पाठवणारा संच) उभा करायचाय, भंगारातून १५५ मेगाहर्ट्झचा सहा कॅव्हिटींचा (ठरावीक फ्रिक्वेन्सीला लागणाऱ्या धातूच्या डब्यांचा) डुप्लेक्सर, म्हणजे एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर वेगळे ठेवणारी गाळणी, मिळालाय, तो दोन मीटर बँडवर, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणायचाय. स्पेक्ट्रम ॲनालायझर परवडत नाही, मग काय घेऊ?

नॅनोव्हीएनए घ्या भाऊ, म्हणजे कोणती फ्रिक्वेन्सी किती आरपार जाते आणि किती परत फिरते ते दाखवणारं छोटं यंत्र. माझं परतवाड्याला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, मागच्या टेबलावर हे उद्योग चालतात. साध्या स्मार्टफोनपेक्षा कमी पैशात येतं आणि बॅटरीवर चालतं, म्हणजे ऐन कामात लाइट गेली तरी हात थांबत नाही. पण त्याच्याकडून काय मागायचं आणि काय नाही, हे कळायला माझा एक अख्खा उन्हाळा गेला.

मी काय केलं, सहाही कॅव्हिटी जोडलेल्या तशाच ठेवल्या, यंत्र लावलं आणि नॉच, म्हणजे नको ती फ्रिक्वेन्सी अडवणारा रेघेतला खड्डा, खाली खाली नेत गेलो. रेघ ७० डीबीला जाऊन टेकली (डीबी म्हणजे सिग्नल किती पट अडला त्याचं माप, दर १० ला शक्ती दहापट कमी). खूश झालो, पेढेच वाटायचे बाकी होते. रिपीटर चालू केला तर गावातली स्टेशनं स्वच्छ, पण लांबचा हँडहेल्ड आला की आमचा ट्रान्समीटर उठायचा आणि बिचारा खरखरीत बुडायचा. ती ७० डीबीची रेघ डुप्लेक्सरची नव्हतीच, यंत्राची होती! ३०० मेगाहर्ट्झच्या आत नॅनोव्हीएनएला साधारण ७० डीबीच दिसतं. दोर जेवढा, तेवढाच पोहरा विहिरीत जाणार.

आणि आपल्याला लागतं त्याहून जास्त. २५ वॅटचा ट्रान्समीटर म्हणजे +४४ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डीबी). चांगला रिसीव्हर ऐकतो −११९ डीबीएमच्या आसपास, म्हणजे पाव मायक्रोव्होल्ट. दोघं एकाच अँटेनावर, मधे अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ. अशा वेळी ८० ते ९० डीबी आडकाठी हवी.

म्हणून कॅव्हिटी सुट्या करा. एकेक कॅव्हिटी २५-३० डीबीचा नॉच देते, आणि तेवढा या यंत्राला अगदी आरामात दिसतो. तीन ट्रान्समीटरच्या बाजूला, तीन रिसीव्हरच्या; एका बाजूच्या तिन्ही नीट लागल्या की बेरीज आपोआप होते.

समजा रिपीटर १४५.७०० वर बोलणार आणि १४५.१०० वर ऐकणार. ट्रान्समीटरच्या बाजूच्या तिन्ही कॅव्हिटींनी १४५.७०० सोडायचं, १४५.१०० अडवायचं, रिसीव्हरच्या बाजूला उलट. वर लांब रॉड आणि बाजूला छोटा ट्रिमर असेल, तर रॉडने पास लावायचा आणि ट्रिमरने नॉच. रॉड आत गेला की फ्रिक्वेन्सी खाली येते, तेव्हा १५५ वरून १४५ ला येण्याइतका तो आत जातो का, हे सगळ्यात आधी बघा. जात नसेल तर पुढचं सगळं फुकट. पास लावताना सरळ जाणाऱ्या सिग्नलचं शिखर शोधत बसू नका, ते चपटं असतं, डोळा फसतो. रिटर्न लॉसचा (परत फिरणाऱ्या सिग्नलचा) खड्डा टोकदार असतो, त्यावर लावा. मग नॉच. नॉच हलवला की पास किंचित सरकतो, म्हणून दोन फेऱ्या. लॉकनट आवळतानाही थोडं सरकतं, त्यामुळे आवळून झाल्यावर परत बघायचं.

स्पॅन, म्हणजे यंत्र एका वेळी बघतं तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, अरुंद ठेवा. जुनं नॅनोव्हीएनए एका स्वीपमध्ये १०१ बिंदू काढतं. १० मेगाहर्ट्झ स्पॅन ठेवला तर दोन बिंदूंत १०० किलोहर्ट्झ अंतर, खरा नॉच मधल्या फटीत लपतो. २ मेगाहर्ट्झ ठेवा, म्हणजे अंतर २० किलोहर्ट्झवर येतं. कॅलिब्रेशन त्याच स्पॅनवर, त्याच केबलींसकट. आणि यंत्र लावलेलं असताना ट्रान्समीटरचा पीटीटी (बोलायचं बटण) दाबला, तर यंत्राला हार घालायची वेळ येईल.

उरलेले पैसे केबलीत घाला. कॅव्हिटींना जोडणारी साधी आरजी-५८ एकाच जाळीची, ती गळते, आणि मग नॉच कितीही खोल असो, सिग्नल बाहेरून वळसा घालून येतो. आरजी-१४२ किंवा आरजी-४०० घ्या, दुहेरी जाळीची. तुमच्या जुन्या जोडकेबली १५५ साठी कापलेल्या असणार. १४५ ला त्या सुमारे ७ टक्के लांब लागतील. आतल्या लूपची आणि कनेक्टरची लांबीही त्यातच धरतात, म्हणून नुसती टेप लावून कापू नका. जुनी केबल मोजून त्या प्रमाणात वाढवा.

सगळं जोडल्यावर शेवटचं माप कसं घ्यायचं? त्यासाठी माझ्याकडे टायनीएसए आहे, खिशात मावणारा छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर. त्याचा सिग्नल जनरेटर −७६ ते −६ डीबीएमपर्यंत देतो. आधी डुप्लेक्सर न लावता, ५० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक कमी करणारा तुकडा) घालून, रिसीव्हरचा स्क्वेल्च (सिग्नल येईपर्यंत आवाज बंद ठेवणारं दार) जेमतेम कोणत्या पातळीला उघडतो ते वहीत लिहा. मग ॲटेन्युएटर काढा, जनरेटर ट्रान्समीटर पोर्टवर, रिसीव्हर रिसीव्हर पोर्टवर, अँटेना पोर्टवर ५० ओहमचा लोड. १४५.१०० वर आणि १४५.७०० वर, दोन्हीकडे स्क्वेल्च उघडेपर्यंत पातळी वाढवत न्या. दोन आकड्यांतला फरक, त्यात ते ५० मिळवले की झालं तुमचं आयसोलेशन, म्हणजे दोघांमधली आडकाठी. ९० च्या पुढचंही यात दिसतं. रिसीव्हर दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर जनरेटरच्या डब्यातून गळणारंच मोजत बसाल.

आता आपल्या भागाचा खरा दुष्मन, ऊन. तुमच्या कॅव्हिटीतला रॉड इनव्हारचा (उष्णतेने फारसा न वाढणाऱ्या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचा) आहे का बघा. नुसता तांब्याचा असेल तर १४५ मेगाहर्ट्झला अंशामागे सुमारे अडीच किलोहर्ट्झ सरकतो. जानेवारीच्या पहाटे १० अंश, मेच्या दुपारी टिनाच्या खोलीत ४५: जवळजवळ ९० किलोहर्ट्झ! ६०० च्या अंतरात हे फार झालं. माझा तांब्याचाच निघाला. मग मी तो मधल्या तापमानाला, सकाळी निंबाच्या सावलीत ट्यून केला, आणि खोलीच्या पत्र्याखाली पऱ्हाटीचा थर टाकला. तरी मे महिन्यात दुपारी थोडी खरखर येतेच, संध्याकाळी जाते.

बाजारात मिळणारे वीतभर लांबीचे छोटे डुप्लेक्सर मात्र घेऊ नका. ते मोठ्या अंतरासाठी बनवलेले, ६०० किलोहर्ट्झला त्यांचा उपयोग नाही. आणि परवानगीचा अर्ज डब्ल्यूपीसीकडे (वायरलेसचे परवाने देणाऱ्या केंद्राच्या खात्याकडे) आधी टाका, ट्यूनिंग त्या वाट पाहण्यात होऊन जाईल.